ठाकुर्लीचा हिरवा सडा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, ज्वारीच्या खरेदीचा आहे, पीककर्जाचा आहे. त्या यादीत शेवटी 'गवत' हा शब्द वाचून काही जणांना हसू आले. चहाच्या वेळी एका भावाने विचारलेच, "जन्मभर आम्ही गवत उपटत आलो, आता तुम्ही आम्हाला गवत लावायला शिकवणार काय?"

प्रश्न बरोबर आहे. निंदणाच्या मजुरीने ज्याचे कंबरडे मोडले त्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचे उत्तर आम्हाला ठाकुर्लीत सापडले, म्हणून थोडा वेळ तुम्हालाही तिथे नेतो.

मुंबईला मोर्चाला गेलेल्या प्रत्येकाने ठाकुर्ली पाहिलेली आहे, फक्त ते त्याला ठाऊक नाही. कल्याण सुटले की डोंबिवलीच्या आधी एक लहान स्टेशन लागते. आपल्या लांबच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. तेच ठाकुर्ली. १९२९ साली रेल्वेने तिथे चोळेगावाजवळ कोळशावर चालणारे वीजघर उभे केले. मुंबईहून घाटाकडे विजेवर गाड्या धावू लागल्या, त्यांना वीज पुरवण्याचे काम त्याचे. आता ते वीजघर बंद आहे. जिथे भाताची खाचरे होती तिथे इमारती झाल्या आहेत, आणि त्या इमारतींत आपल्याच जिल्ह्यांतली पोरे भाड्याने राहतात. शेतीत भागत नाही म्हणून गेलेली.

आमच्यापैकी एकाचा मुलगा तिथे आहे. ठाण्याचे काम आटोपून आम्ही तिघे त्याच्याकडे मुक्कामाला गेलो. मे महिना सरत आला होता. घराच्या मागे टेकडी कापून जागा सपाट केलेली, आणि कापलेला उतार तसाच उघडा. लाल मुरूम, वर एक काडी नाही. सकाळी तिथे एक टँकर येऊन उभा राहिला. वर एक माणूस चढला, त्याच्या हातात जाड नळी. इंजिन सुरू झाले आणि त्या नळीतून हिरव्या रंगाचा दाट काला उतारावर उडायला लागला. तासाभरात तो लाल उतार हिरवा झाला. आम्हाला वाटले रंग देताहेत. साहेब यायचे असतील!

जवळ गेलो. नळी धरणारा पोरगा दारव्ह्याकडचा निघाला. तो म्हणाला, "काका, रंग नाही. हे गवत पेरणं चाललंय."

टाकीत काय असते

या पद्धतीला हायड्रोमल्च म्हणतात. मल्चिंग हा शब्द आता आपल्याला नवा नाही. मल्च म्हणजे आच्छादन, आणि हायड्रो म्हणजे पाण्यातून दिलेले. अमेरिकेत १९५० च्या दशकात मोठे महामार्ग बांधले जात होते. रस्त्याकडेच्या उतारांवर माणसाने चढून पेरणी करणे परवडेना, तेव्हा ही युक्ती पुढे आली.

त्या पोराने आम्हाला टाकीत डोकावू दिले. आत पाच वस्तू होत्या. पहिली पाणी. दुसरी लाकडाचा किंवा कागदाचा लगदा, म्हणजे तंतू. तिसरी गवताचे बी. चौथी खत. पाचवी चिकटवण, म्हणजे एक प्रकारची खळ. आणि वरून चिमूटभर हिरवा रंग. तो फक्त कुठे फवारले आणि कुठे राहिले ते दिसावे म्हणून.

आता त्या पाचव्या वस्तूकडे नीट बघा. ही चिकटवण बहुतेक वेळा गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकाची असते, नाहीतर इसबगोलाची. गवारीचा हा डिंक जगात सर्वात जास्त आपल्या देशातून जातो आणि ती गवार प्रामुख्याने राजस्थानच्या कोरडवाहू रानात पिकते. इसबगोल गुजरात-राजस्थानचा. म्हणजे अमेरिकेतल्या रस्त्याची माती धरून ठेवणारी खळ आपल्यासारख्याच पावसाच्या भरवशावरच्या शेतकऱ्याने पिकवलेली असते. ती त्याने काय भावाने विकली आणि तिकडे काय भावाने फवारली गेली, तो हिशेब वेगळा. तो आज काढत नाही.

प्रमाणाचे आकडे मात्र लिहून घ्या. साध्या उताराला एकरी सुमारे ९०० किलो तंतू लागतो आणि तो कालवायला पंधरा हजार लिटरच्या आसपास पाणी. गुंठ्यावर आणले तर २२-२३ किलो तंतू आणि जेमतेम दोन ड्रम पाणी. चढ उभा असेल तर तंतू दीडपट-दुप्पट होतो.

हे तर आपले सडा-सारवण

रात्री त्या मुलाच्या खोलीवर आम्ही याच गोष्टीवर बोलत होतो. सोबतच्या मायबहिणीने सरळ विचारले, "शेण, माती, पाणी कालवून अंगणात सडा टाकतो, भुईला सारवण घालतो, त्यात आणि यात फरक कोणता?" आम्ही गप्प झालो. फरक नव्हताच. सारवलेल्या अंगणात धूळ उडत नाही आणि पावसाचा पहिला शिंतोडा आला तरी भुई उखडत नाही. शेणातला तंतू आणि चिकटपणा मातीचे कण धरून ठेवतो. त्यात बी टाकले की झाले हायड्रोमल्च.

बीसुद्धा आपण टाकत होतोच. हायब्रिडची आणि बीटीची पाकिटे येण्याआधी सरकी कशी पेरत होतो ते म्हाताऱ्यांना आठवत असेल. सरकीला लव असते, दाणे एकमेकांना चिकटतात, सरत्यातून सुटत नाहीत. म्हणून ती शेणमातीच्या काल्यात घोळायची, सावलीत सुकवायची आणि मग पेरायची. गवताच्या बियांचे दुखणे तेच आहे. ते हलके, कुसळाचे, वाऱ्याने उडणारे. त्यालाही शेणमातीत घोळले की ते जड होते आणि जिथे टाकले तिथे बसते.

मग माती धरायला एवढी खटपट कशासाठी? पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तो ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने. उघड्या मातीवर तो हातोडीसारखा बसतो. ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात, त्यांनी मातीची छिद्रे बुजतात आणि वर पापडी धरते. मग मागून येणारे पाणी मुरत नाही, वाहते, आणि जाताना माती घेऊन जाते. थेंब काडीवर पडला तर त्याचा जोर काडी खाते आणि पाणी हळूच खाली उतरते. एवढेच विज्ञान आहे.

किती माती जाते? एका एकरावरून एक मिलिमीटर थर गेला तर सुमारे पाच टन माती गेली. एक मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी दोनदा. डोळ्याला कळत नाही. १९८३ साली देशातल्या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की सरासरी हेक्टरी वर्षाला सोळा टनांहून थोडी अधिक माती हलते. एकराला साडेसहा टन झाले.

आता भावाकडे येतो. आधारभूत किंमत ठरवताना उत्पादनखर्च काढतात तेव्हा अवजारांचा घसारा धरतात. विहिरीचा, मोटारीचा घसारा धरतात. वाहून गेलेल्या मातीचा घसारा कुठल्या रकान्यात असतो? कुठल्याच नाही. साडेसहा टन माती गेली तरी ती आपल्या हिशेबात फुकट गेली. कापूस विकतो तेव्हा त्याबरोबर आपण शेतही थोडे थोडे विकतो आणि त्याचा पैसा घेत नाही. गवताचा विषय भावाच्या यादीत आला तो यासाठी.

यंत्र कुठे हरते

ठाकुर्लीचा उतार पावसाळ्यात टिकला का, ते त्या मुलाला विचारत राहिलो. तिकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस. आपल्याकडच्या दुपटी-तिपटीने. पोळ्याच्या सुमारास त्याने सांगितले की बहुतेक उतार गवताने धरला, पण मधला एक पट्टा वरपासून खालपर्यंत धुऊन गेला. कारण विचारले. वरच्या सपाट जागेचे सगळे पाणी त्या एका ठिकाणाहून खाली पडत होते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. फवारलेले आच्छादन थेंबाचा मार सहन करते, पण लोंढा सहन करत नाही. लोंढा आधी वरच्या वर वळवावा लागतो. आणि दुसरे, फवारल्यावर ते सुकून धरायला एखादा कोरडा दिवस मिळाला पाहिजे. त्या रात्रीच मुसळधार आला तर बी, खत, लगदा सगळे नालीत जाते. उलट, फवारून पाऊसच आला नाही आणि पाणीही घातले नाही, तर उगवलेले कोंब तीन-चार दिवसांत करपतात.

तेव्हा ते यंत्र घ्या, भाड्याने आणा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. ते शहराचे काम आहे, शहराने करावे. आम्ही तिथून आणली ती फक्त कृती.

आपली उघडी जमीन कोणती

पिकाच्या रानात गवत कोणालाच नको. आम्ही बोलतो ते धुऱ्याबद्दल, नाल्याच्या काठाबद्दल, नाला खोल केल्यावर काठावर टाकलेल्या ढिगांबद्दल आणि शेततळ्याच्या भरावाबद्दल. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे खणले की दोन हजार घनमीटरच्या वर माती-मुरूम बाहेर येतो. तो काठावर ढीग होऊन पडतो. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्यातला बराच भाग परत तळ्यात नाहीतर शेजाऱ्याच्या रानात जातो. खणण्याचे पैसे मिळाले, फोटो निघाला, ढिगाचे काय करायचे ते कागदावर नसते.

हे आजचे नाही. बांधबंदिस्तीचा कायदा मुंबई इलाख्यात १९४२ साली झाला. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आयाबापांनी डोक्यावर पाट्या वाहून बांध घातले. खोल काळ्या रानात हे मातीचे बांध उन्हाळ्यात भेगाळतात आणि भेगेतून पाणी शिरले की फुटतात. ज्या बांधावर गवताने मूळ धरले तो बांध राहिला. उघडा राहिलेला बांध किती वर्षे टिकला ते आपापल्या शिवारात जाऊन बघा.

आमची फजिती आणि नंतरची रीत

ठाकुर्लीहून आल्यावर आम्ही एका शेततळ्याच्या ढिगावर प्रयोग केला. उतार मोजून चार गुंठे. पहिल्या वर्षी सपशेल पडलो. का पडलो ते सांगतो, म्हणजे तुमचे एक वर्ष वाचेल.

रोहिणीची एक सर आली आणि आम्ही घाई केली. शेणकाला टाकला, वर सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरले. कोंब वर आले आणि पुढे तीन आठवडे पाऊस नाही. उघड्यावरचे कोंब करपले. जाड कुटाराखालचे उजेडाअभावी पिवळे पडून मेले. वरच्या टोकाचे कुटार वाऱ्याने नेले. उरलेसुरले शेळ्यांनी खाल्ले. आणि एका मोठ्या पावसात ढिगाच्या माथ्यावर साचलेल्या पाण्याने दोन घळी पाडल्या.

दुसऱ्या वर्षी असे केले.

उन्हाळ्यातच ढिगाचा माथा आतल्या बाजूला उतरता केला, एक उथळ नाली काढून पाणी दगडाच्या सांडीवरून खाली सोडले. जिथे ढीग फार उभा होता तिथे फावड्याने ओढून उतार निवांत केला. एक हात उंचीला दोन हात पसारा. मग कुदळीने वीत-वीत अंतरावर आडव्या रेघा मारल्या. आडव्या, उभ्या नव्हे. उभी रेघ म्हणजे घळीला आमंत्रण.

मृगाच्या पावसाने वीतभर ओल गेल्यावरच हात लावला. कापसाची पेरणी ज्या ओलीवर करतो तीच ओल. गुंठ्याला दोन ड्रम पाणी, वीसेक किलो शेण, दहा किलो चाळलेली पोयट्याची माती, किलोभर सुपर फॉस्फेट आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास बी. युरिया घातला नाही. कोवळ्या कोंबाला तो जाळतो आणि उरलेला पाण्याबरोबर जातो. काला बादलीने नव्हे तर तांब्याने, वरून खाली शिंपडत आलो, अंगणात सडा टाकतात तसा. त्यावर कुटार, गुंठ्याला ४० ते ५० किलो. यंत्रातल्या लगद्याच्या दुप्पट घेतले, कारण आपले कुटार सुटे असते, लगद्यासारखे घट्ट बसत नाही. तरी थर इतका पातळ की खालची माती अधूनमधून दिसली पाहिजे. ते उडू नये म्हणून वर तुराट्या आडव्या टाकून खुंट्या मारल्या.

चार गुंठ्यांना चार माणसांचे तीन दिवस गेले. बारा रोज. हे रोज आम्ही वहीत लिहिले आहेत, कारण घरच्या माणसाची मजुरी फुकट धरायची सवय आपणच मोडली पाहिजे. पोळ्यापर्यंत उतार झाकला. सगळा नाही, निव्वळ मुरमाच्या दोन जागा उघड्या राहिल्या, तिथे नंतर ठोंब लावले. पण त्या वर्षी तळ्यात गाळ उतरला नाही.

निव्वळ मुरमाबद्दल एक सांगतो. नुसते बी टाकून तिथे काही होत नाही, आधी जीव घालावा लागतो. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीचा ढिगारा आहे. तिथे नीरी या संस्थेने साखर कारखान्याचे प्रेसमड आणि जिवाणू खते घालून झाडोरा उभा केला. खाणीच्या ढिगाऱ्यावर जे होते ते शेततळ्याच्या मुरमावर होणार नाही असे नाही. प्रेसमड नसेल तर कुजलेले शेणखत.

कोणते गवत, कोणते नको

धुऱ्यावर हरळी लावू नका. माती ती उत्तम धरते, पण दोन वर्षांत ती रानात येईल आणि मग आज हसलेला भाऊ आमच्या अंगावर धावून येईल. कुंद्याचे तर नावच नको. काळ्या रानात कुंदा शिरला म्हणजे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. जे झुपक्याने वाढते आणि लांब पसरत नाही ते घ्यावे. हलक्या रानात पवन्या आणि अंजन. भारी रानात आणि नाल्याच्या काठावर मारवेल. ते जनावरे आवडीने खातात आणि ठोंबानेही लागते. त्यात थोडी स्टायलो मिसळली तर ती द्विदल असल्याने जमिनीला नत्र देते आणि चाऱ्याला कस येतो. स्टायलोचे बी टणक असते, वाळूत घासून घेतले की उगवते.

जिथे पाण्याचा ओघ लागतो तिथे वाळा. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाने कोरडवाहू रानात वाळ्याच्या समपातळी ओळींचे प्रयोग केले आहेत. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात, तो बाजूला पसरत नाही, आणि जून झाल्यावर जनावर त्याला तोंड लावत नाही. ओळ दाट लागली की मागे गाळ साठत जातो आणि धुरा आपोआप उंच होतो.

बी विकत आणण्याआधी आपल्या शिवारात शोधा. गायरानाच्या कुंपणाआड, मसनवटीत, देवराईत चांगले गवत अजून उभे असते. दिवाळीनंतर पिकलेले बी ओरबाडून पोत्यात ठेवा आणि मृगात वापरा. ताजे बी बहुतेक उगवत नाही. त्याला काही महिने झोप लागते.

शेळीचा प्रश्न

आता अवघड गोष्ट. इतके सगळे करून गवत उगवले आणि त्यात शेळ्या शिरल्या तर दोन दिवसांत खेळ खलास. हिवरे बाजारला, राळेगणसिद्धीला डोंगर हिरवे झाले ते चराईबंदी पाळल्यामुळे, हे आपण सारे ऐकून आहोत. पण चराईबंदी म्हणायला सोपी. ज्याच्याकडे वीस एकर आहे तो सहज म्हणतो. जिच्याकडे एक गुंठा नाही आणि चार शेळ्या आहेत, तिने त्या कुठे न्यायच्या? तिच्या शेळ्यांना दगड मारून आपले गवत वाचणार असेल तर असले गवत संघटनेला नको.

आमच्या गावात आम्ही असे ठरवले. पहिली दोन पावसाळी वर्षे त्या उतारावर जनावर सोडायचे नाही. पण कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्या बाईचा. फुले आल्यावर, बी गळण्याआधी अर्धे कापायचे, अर्धे ठेवायचे. तिने राखण करायची, तिनेच न्यायचे. पहिल्या वर्षी भांडणे झाली. दुसऱ्या वर्षी राखणदार तीच होती आणि शेळी शिरली ती आमच्यातल्याच एकाची. ती तिने कोंडवाड्यात घातली. योग्य केले.

पऱ्हाटीला दाम

शेवटचा मुद्दा कापसाचा. अमेरिकेत टेक्सास राज्यात लबक नावाचे गाव आहे. भोवताली मैलोगणती कापूस, बराचसा कोरडवाहू. तिथल्या सरकारी संशोधन केंद्राने जिनिंगमधल्या बोंडांची टरफले आणि काडीकचरा यांपासून हायड्रोमल्चचा तंतू तयार केला. तपासणीत तो लाकडाच्या लगद्याच्या बरोबरीने उतरला आणि बाजारात आला. तिकडे कापूस यंत्राने ओरबाडतात, म्हणून कचरा जिनिंगवर येतो. आपल्याकडे बायका हाताने वेचतात, कापूस साफ येतो, आणि तो कचरा रानातच उभा राहतो. त्याला आपण पऱ्हाटी म्हणतो. हेक्टरी दोन-तीन टन. त्यातली थोडी चुलीत जाते, बाकी आपण पेटवून देतो.

पऱ्हाटीपासून दाबलेले फळे आणि जळणाच्या कांड्या करण्याचे तंत्र मुंबईच्या माटुंग्यातील कापूस तंत्रज्ञान संस्थेने केव्हाच दिले आहे. बारीक केलेली पऱ्हाटी आच्छादन म्हणूनही चालते. पण एक काळजी घ्या. अखंड पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. तिच्यावरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी अळी झोपलेली असते. २०१७ साली विदर्भात तिने काय केले ते आपण विसरलेलो नाही. वापरायची तर हंगाम संपताच श्रेडरने बारीक करून. ज्वारीचा कडबा मात्र यात घालू नका. तो जनावराच्या तोंडचा आहे. धसकटे, भिजून कुजलेला कडबा, कुटार, एवढेच.

आता असे बघा. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटपर्यंत खुला झाला. तो वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना अशा आपल्या कापसाच्या मुलखातून जातो आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. तिथून ठाकुर्ली फार लांब नाही. एवढ्या लांबीच्या रस्त्याला दोन्ही कडांना मातीचे उतार असतात. असे रस्ते, असे भराव, असे कापलेले डोंगर पुढेही होतच राहणार. त्या उतारांना पांघरूण लागणार, आणि पांघरुणाचा माल आपल्या रानात पडून आहे. शहराला हवा तो माल असेल तर तो माल म्हणून, भाव ठरवून, आपल्या शेतकरी कंपन्यांकडून घ्यावा. पऱ्हाटी जाळू नका म्हणून नोटिसा काढायच्या आणि ती विकत मात्र कोणी घ्यायची नाही, हा न्याय आपल्याला मान्य नाही.

आज काय ठरवायचे

बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

एक. गावात नाल्याचे, तळ्याचे, रस्त्याचे कोणतेही मातीकाम होणार असेल तर त्याच्या अंदाजपत्रकात गवत धरण्याचा खर्च वेगळा लिहिला गेला पाहिजे, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल एक पावसाळा गेल्यावर, उतार पाहूनच निघाले पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव घ्या. अंदाजपत्रक मागून वाचा. ते मागण्याचा हक्क माहितीच्या कायद्याने २००५ पासून आपल्याला आहे.

दोन. पऱ्हाटी आणि कुटार यांच्या खरेदीची मागणी कापसाच्या मागणीबरोबरच, त्याच कागदावर जाईल. वेगळ्या कागदावर गेली तर ती हरवते.

तीन. प्रत्येक गावातल्या निदान दोन घरांनी येत्या मृगात एक-एक गुंठा उघडा उतार हाताने झाकून बघावा. फक्त एक गुंठा. रोज किती लागले, बी किती, उगवले किती, मेले किती, हे वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणावे. जमले ते सांगा, फसले ते आधी सांगा.

ज्या भावाने चहाच्या वेळी प्रश्न विचारला त्याला आता उत्तर देतो. रानातले गवत उपटायचेच आहे, त्यात काही बदल नाही. पण ज्या रानात ते उपटायचे ते रान पुढच्या पिढीला मिळायचे असेल तर धुऱ्यावर गवत लागेल. त्या भावाने जाताना पहिला गुंठा स्वतःच्या नावावर लिहून दिला आहे. दुसरे नाव कोणाचे लिहायचे ते सांगा, वही इथेच उघडी आहे.